गोष्टीवेल्हाळ विल्हेल्म हाउफ

भुताखेतांच्या आणि जादूटोण्याच्या गोष्टींना आपल्या घरांत मागल्या दाराने प्रवेश असतो. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आजीने सांगितल्या तर त्या चालतात. पण बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात तसले पुस्तक दिसले, की घरातली मोठी माणसे त्याला पाठ्यपुस्तकाची आठवण करून देतात. हे वयच मोठे अडचणीचे! परीकथा वाचावी तर बरोबरीची मुले हसतात आणि कादंबरी वाचावी तर वडीलधारी मंडळी डोळे वटारतात. या अधल्यामधल्या वयासाठी मुद्दाम लेखणी हाती घेऊन भुताची जहाजे, शापित माणसे आणि जंगलातले राक्षस रंगवणारा एक तरुण लेखक दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत होऊन गेला. त्याचे नाव विल्हेल्म हाउफ. आपला पंचविसावा वाढदिवस त्याला पाहायला मिळाला नाही. अकरा दिवस आधीच तो गेला. पण जर्मन भाषा बोलणाऱ्या घरांत त्याच्या गोष्टी आजही वाचल्या जातात. आपल्या ग्रंथालयात त्या गोष्टींचे इंग्रजी भाषांतर माझ्या हाती लागले आणि शब्दकोश शेजारी ठेवून मी ते पुरे केले. गोष्टी संपल्या, पण त्या सांगणाऱ्याविषयीचे कुतूहल संपेना. म्हणून हा चरित्रलेखाचा प्रयत्न.

हाउफचा जन्म २९ नोव्हेंबर १८०२ रोजी दक्षिण जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात झाला. त्या काळी आजच्यासारखा एकसंध जर्मनी नव्हता. लहानमोठी अनेक राज्ये होती. स्टुटगार्ट ही वुर्टेंबर्ग राज्याची राजधानी. वडील सरकारी कचेरीत अधिकारी होते. घर खाऊनपिऊन सुखी. पण हे सुख फार दिवस टिकले नाही. १८०९ साली वडील वारले, तेव्हा विल्हेल्म सात वर्षांचाही नव्हता. आई मुलांना घेऊन ट्युबिंगेन या गावी आपल्या वडिलांच्या आश्रयाला आली. थोरला हर्मान, त्याच्या पाठचा विल्हेल्म आणि दोन लहान बहिणी असा तो संसार होता.

आजोळचे हे घर विल्हेल्मच्या आयुष्यात फार मोलाचे ठरले, कारण तिथे आजोबांचा मोठा ग्रंथसंग्रह होता. थोरला हर्मान शाळेत हुशार म्हणून नावाजलेला, तर विल्हेल्मची गणना साधारण मुलांत होई. पण शाळा सुटली, की हा साधारण मुलगा आजोबांच्या पुस्तकांत बुडून जाई. शूर सरदारांच्या कथा, लुटारूंच्या कथा, प्रवासवर्णने, गटे आणि शिलर यांच्यासारखे थोर लेखक, जे हाती येईल ते तो वाची. त्याचे खरे शिक्षण या खोलीत झाले, असे त्याचे चरित्रकार मानतात. वाचलेले पोटात राहीना, म्हणून तो बहिणींना गोळा करून गोष्टी सांगे, त्यांत पदरची भर घाली. पुढे हजारोंना गोष्टी सांगणाऱ्या या माणसाचे पहिले श्रोते असे घरातच मिळाले.

त्याचे बालपण ज्या काळात गेले तो काळही गोष्टीतल्यापेक्षा कमी भयंकर नव्हता. वुर्टेंबर्गचा राजा नेपोलियनचा मांडलिक मित्र होता. १८१२ साली नेपोलियनच्या रशियावरील स्वारीत या लहानशा राज्यातून सुमारे पंधरा हजार सैनिक धाडण्यात आले. त्यांतले परत आले ते काही शेकडा. त्यानंतर चारच वर्षांनी दुसरे संकट आले. १८१५ मध्ये दूर इंडोनेशियात तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची राख आणि वायू आकाशभर पसरल्यामुळे १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पाऊस आणि थंडी यांनी पिके कुजली. १८१६-१७ च्या हिवाळ्यात वुर्टेंबर्गमध्ये धान्याचे भाव भडकले, गरिबांची उपासमार झाली आणि हजारो लोक देश सोडून गेले. तेव्हा विल्हेल्म चौदा वर्षांचा होता. सैन्यात माणसे भरती करणारे अधिकारी आणि टंचाईत धान्य दाबून ठेवणारे व्यापारी हे त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते. ते त्याच्या पिढीने पाहिले होते. ही दोन्ही माणसे पुढे त्याच्या एका गोष्टीत येणार आहेत, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

पुढे त्याला ब्लाउबॉयरेन येथील मठातल्या शाळेत धाडण्यात आले. पाद्री होऊ इच्छिणाऱ्या मुलांची ही शाळा. शिक्षण फुकट, पण शिस्त कडक. वडील नसलेल्या घरातल्या मुलाला शिकायचे तर हाच मार्ग मोकळा होता. १८२० साली तो ट्युबिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला आणि चार वर्षांत त्याने धर्मशास्त्राचा व तत्त्वज्ञानाचा अभ्यास पुरा केला. पण पाद्र्याचा झगा अंगावर चढवण्याची त्याला घाई नव्हती. याच सुमारास त्याने सैनिकांच्या तोंडी घातलेली काही गीते लिहिली. त्यांतल्या एका गीतात पहाटेच्या तांबड्या आकाशाकडे पाहणाऱ्या आणि आपले मरण जवळ आले हे उमगलेल्या तरुण शिपायाचे मन उलगडले आहे. ते गीत इतके लोकप्रिय झाले, की ते कोणी लिहिले हे विसरून लोक ते लोकगीत म्हणूनच गाऊ लागले. कवीला याहून मोठे पारितोषिक कोणते?

१८२४ साली हाउफने स्टुटगार्टला जनरल फॉन ह्यूगेल या लष्करातील बड्या अधिकाऱ्याच्या घरी मुलांचा शिक्षक म्हणून नोकरी धरली. वय बावीस. दिवसा मुलांचा अभ्यास घ्यायचा आणि संध्याकाळी त्यांना गोष्टी सांगायच्या. जे पूर्वी बहिणींसाठी केले, तेच आता शिष्यांसाठी. फरक एवढाच, की ही मुले आता चिमण्याकावळ्यांच्या गोष्टींवर समाधान मानणारी नव्हती. त्यांना थरार हवा होता, दूरदेश हवे होते, आणि गोष्टीत काही अर्थही हवा होता. हाउफने त्यांच्यासाठी रचलेल्या गोष्टी कागदावर उतरवल्या. त्या काळी जर्मनीत दर नव्या वर्षासाठी एक छोटेखानी वार्षिक पुस्तक विकत घेण्याची प्रथा होती. त्या धर्तीवर १८२६ सालासाठी त्याने परीकथांचे वार्षिक काढले आणि ते सुशिक्षित वर्गातील मुलामुलींसाठी आहे, असे त्याच्या नावातच छापले.

या पुस्तकाच्या आरंभी प्रस्तावनेऐवजी एक रूपककथा आहे, ती मला फार आवडली. कल्पना नावाच्या राणीची थोरली लेक म्हणजे गोष्ट. ती माणसांच्या भेटीला जाई तेव्हा पूर्वी तिचे स्वागत होई. पण आता ती रडत आईकडे परतते. लोकांनी नगराच्या वेशीवर शहाणे पहारेकरी बसवले आहेत. त्यांच्या हातात भाले नाहीत. टोकदार लेखण्या आहेत! कल्पनेच्या राज्यातून कोणी आले, की ते त्याला टोचून टोचून परत धाडतात. मग आई लेकीला युक्ती सांगते. मोठ्यांनी नाकारले तर तू मुलांकडे जा, असे म्हणून ती तिला वार्षिक पुस्तकाचा पोशाख चढवते. लेक वेशीवर येते. पहारेकरी तिला अडवतात, हसतात. ती त्यांच्यापुढे रंगीबेरंगी चित्रे उभी करते, आणि ती पाहता पाहता पहारेकऱ्यांना झोप लागते. तेवढ्यात एक भला माणूस तिचा हात धरून तिला गावात नेतो, आपल्या मुलांपुढे बसवतो. बावीस-तेवीस वर्षांच्या या शिक्षकाने टीकाकारांची केलेली ही थट्टा वाचून हसू येते. पण थट्टेच्या पोटात त्याचे दुःखही आहे. आपण लिहितो ते शहाण्या लोकांच्या लेखी साहित्यच नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते.

हाउफच्या आधी ग्रिम बंधूंनी १८१२ पासून जर्मन लोककथांचे संग्रह प्रसिद्ध केले होते. पण ग्रिम बंधूंनी लोकांच्या तोंडच्या कथा गोळा केल्या. हाउफने बहुतेक स्वतः रचल्या. त्याच्या दुसऱ्या वार्षिकात इतरांच्याही काही कथा आहेत. धाकट्या ग्रिमची दोन बहिणींची आणि अस्वलाची प्रसिद्ध कथा प्रथम छापली गेली ती याच वार्षिकात. हाउफच्या गोष्टींची बांधणी आपल्याला मुळीच परकी वाटत नाही. वेताळपंचविशीत जशी एका गोष्टीच्या पोटात पंचवीस गोष्टी, तशी त्याची रीत आहे. पहिल्या वार्षिकात वाळवंटातून चाललेला व्यापाऱ्यांचा तांडा मुक्कामाच्या ठिकाणी एकमेकांना गोष्टी सांगतो. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या भाषांतरामुळे मराठीत आल्या, त्याच गोष्टींनी युरोपालाही वेड लावले होते. हाउफ बगदादला किंवा बसऱ्याला कधी गेला नाही. त्याचा पूर्वदेश हा आजोबांच्या कपाटातला.

गंमत अशी, की त्या पूर्वदेशात आपला भारतही आहे. एका गोष्टीत बगदादचा खलिफा आणि त्याचा वजीर जादूची भुकटी हुंगून करकोचे होतात. त्या रूपात हसायचे नाही अशी अट असते. ते हसतात, आणि पुन्हा माणूस होण्याचा मंत्र विसरतात. त्यांची सुटका होते ती घुबड बनलेल्या एका शापित राजकन्येमुळे, आणि ती असते हिंदुस्थानच्या राजाची मुलगी! दुसरी गोष्ट भुताच्या जहाजाची. ती मी रात्री वाचली आणि दिवा मालवण्यापूर्वी दाराची कडी दोनदा पाहिली. बसऱ्याहून हिंदुस्थानकडे निघालेल्या एका तरुणाचे जहाज फुटते आणि तो नोकरासह दुसऱ्या एका जहाजावर चढतो. पाहतो तो डेकवर प्रेतांचा खच, आणि कप्तान डोलकाठीला कपाळात खिळा ठोकून जखडलेला. दिवसा सारे निश्चल. रात्र झाली, की तीच प्रेते उठतात, भांडतात, पुन्हा मरतात. दिवसभर जहाज पुढे न्यावे, तर रात्री हे भुतांचे खलाशी ते उलटे नेतात. हा तरुण अखेर हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागतो. तिथला एक जाणता माणूस त्याला उपाय सांगतो, की या प्रेतांना जमिनीवर न्या. मातीचा स्पर्श होताच त्यांची धूळ होते. हे खलाशी म्हणजे चाचे. त्यांनी एका दरवेशाला ठार मारले, आणि मातीला मस्तक लागेपर्यंत जगणेही नाही व मरणेही नाही असा शाप त्यांना मिळाला. पोरांना भिववण्यासाठी भूत उभे करणे सोपे आहे. पण हाउफचे भूत भिववून थांबत नाही; ते आपली कैफियत सांगते आणि शेवटी वाचकालाच त्याची कीव येते.

मात्र माझ्या मनात घर करून बसली ती दुसऱ्या वार्षिकातली लांब नाकाच्या बुटक्याची गोष्ट. याकोब हा बारा वर्षांचा देखणा मुलगा. बाप चांभारकाम करणारा, आई बाजारात भाजी विकणारी. एक विद्रूप म्हातारी भाजी चिवडते, म्हणून याकोब तिला हिणवतो. ती सहा कोबी विकत घेते आणि ते घरी पोहोचवायला त्यालाच नेते. तिथे सूप पिऊन त्याला झोप लागते. स्वप्नात तो खार होऊन तिच्या घरी राबतो आणि स्वयंपाकाची कला शिकतो. जागा होतो तो धावतच बाजारात येतो. आईला उशीर झाला असेल एवढीच त्याची काळजी. पण मधे सात वर्षे उलटली आहेत, आणि तो आता वाकलेल्या पाठीचा, भल्यामोठ्या नाकाचा बुटका झाला आहे. आई त्याला ओळखत नाही. आपल्या हरवलेल्या मुलाच्या नावाने हा कोणी थट्टा करतो आहे, असे समजून ती त्याला हाकलते. तो बापाच्या दुकानात जातो. बाप त्याला गिऱ्हाईक समजून नाकासाठी चामड्याची पिशवी शिवून देऊ का, असे विचारतो.

या गोष्टीपाशी मी थांबले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. शिकण्यासाठी घर सोडून जायचे, नवी विद्या अंगी आणायची, आणि परत आल्यावर आपल्या माणसांनी आपल्याला ओळखावे की नाही ही धास्ती मनात बाळगायची, हे मला नवे नाही. सुट्टीत घरी गेले, की माझे बोलणे बदलले असे आत्या म्हणते. ती कौतुकाने म्हणते, तरी आई क्षणभर माझ्याकडे निरखून पाहते. हे सारे एखाद्या निबंधात सांगायचे म्हटले तर मला जमणार नाही. हाउफने ते एका लांब नाकात सांगून टाकले. त्याच्या पुस्तकाच्या नावात सुशिक्षित वर्गातली मुले आहेत. त्या नावात माझ्यासारख्या घरातले मूल बसत नाही. पण त्याच्या गोष्टींतली मुले पाहावी तर चांभाराचा याकोब, कोळसे पाडणाऱ्याचा पेटर, आणि गावभर हेटाळणी होणारा ठेंगू मुक. नाव कोणाचेही असो, गोष्ट मात्र आमची आहे. याकोबची गोष्ट सुखान्त आहे. मधल्या काळात तो एका सरदाराचा नामांकित आचारी होतो. हंसी बनलेल्या एका मुलीच्या मदतीने त्याला योग्य ती वनस्पती सापडते आणि तिच्या वासाने तो मूळ रूपात येतो. मग तो आईबापांकडे परततो, आणि ती दोघे त्याला ओळखतात. तो स्वयंपाकाची विद्या मात्र विसरत नाही, हे मला विशेष वाटले.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. १८२५ ते १८२७ ही तीन वर्षे म्हणजे हाउफचे सारे साहित्यिक आयुष्य. या तीन वर्षांत त्याने इतके लिहिले, की त्याची लेखणी कोणी मंतरली होती काय असा प्रश्न पडावा. त्या काळी क्लाउरेन या टोपणनावाने लिहिणारा एक लेखक गुळचट प्रेमकथांमुळे फार खपत असे. हाउफने त्याची हुबेहूब नक्कल करून 'चंद्रावरचा माणूस' ही कादंबरी लिहिली आणि ती क्लाउरेनच्याच नावाने छापवली! खऱ्या क्लाउरेनने कोर्टात दावा लावला व जिंकला. पण या खटल्याने हाउफचे नाव साऱ्या जर्मनीत झाले. मग त्याने गंभीरपणाचा आव आणून क्लाउरेनच्या लेखनावर एक प्रवचनच छापले. १८२६ साली त्याची 'लिख्टेनस्टाइन' ही ऐतिहासिक कादंबरी आली. वॉल्टर स्कॉटच्या वळणावर जाणारी ही कादंबरी सोळाव्या शतकातील वुर्टेंबर्गच्या ड्यूक उलरिखची कथा सांगते. त्याच वर्षी शिक्षकाची नोकरी सोडून तो फ्रान्स, नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या प्रवासाला निघाला. १८२७ च्या जानेवारीत कोटा या नामवंत प्रकाशकाच्या वृत्तपत्राच्या साहित्यविभागाचे संपादकपद त्याला मिळाले. फेब्रुवारीत त्याने आपली चुलतबहीण लुईझा हिच्याशी लग्न केले.

येथे त्याच्या लेखनातला एक डागही सांगितला पाहिजे. चरित्र म्हणजे आरती नव्हे. १८२७ साली त्याने 'ज्यू झ्यूस' ही दीर्घकथा लिहिली. वुर्टेंबर्गच्या ड्यूकचा आर्थिक सल्लागार योझेफ झ्यूस ओपेनहायमर याला १७३८ साली स्टुटगार्टला फाशी देण्यात आले होते, त्यावर ती आधारलेली आहे. या कथेत आणि त्याच्या एका परीकथेतही ज्यू माणसाचे चित्र त्या काळच्या पूर्वग्रहांनी काळवंडलेले आहे. पुढे १९४० साली नाझी राजवटीने याच नावाचा, ज्यू लोकांविरुद्ध विष पेरणारा चित्रपट काढला. त्या चित्रपटाचे पाप शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या हाउफच्या माथी मारता येणार नाही. पण कुबड्याला आणि ठेंगूला हसू नका असे मुलांना शिकवणारी लेखणी शेजारच्या ज्यू माणसापाशी मात्र अडखळली, हेही विसरता येणार नाही.

तिसरे वार्षिक त्याने १८२८ सालासाठी तयार केले. यातला तांडा आता वाळवंटात नाही. तो जर्मनीतच स्पेसार्टच्या दाट जंगलातल्या एका खानावळीत उतरला आहे. बाहेर दरोडेखोरांची भीती. झोपलो तर जीव जाईल, म्हणून प्रवासी रात्रभर जागे राहण्यासाठी गोष्टी सांगतात. आणि त्यांतच हाउफची सर्वांत थोर गोष्ट येते, ती थंड काळजाची. पेटर मुंक हा ब्लॅक फॉरेस्टमधला, लाकडे जाळून कोळसा पाडणारा गरीब तरुण. बाप वारला, घरी म्हातारी आई. दिवसभर भट्टीपुढे बसून काजळलेल्या तोंडाने तो काच ओतणाऱ्यांचे, घड्याळजींचे आणि ऱ्हाइन नदीतून हॉलंडला लाकडाचे तराफे नेणाऱ्यांचे वैभव आठवतो. काचेचा एक बुटका भला यक्ष त्याला वर देतो, पण पेटर ते नाचात पहिला येण्यात आणि खिशात पैसा खुळखुळण्यात घालवतो. मग तो डच मिखेल या राक्षसाकडे जातो. मिखेलच्या फळीवर बरण्या मांडल्या आहेत, आणि प्रत्येक बरणीत एकेका प्रतिष्ठिताचे धडधडते काळीज! धान्याचे साठेबाज, सैन्यभरतीचे अधिकारी, सावकार अशा साऱ्यांची काळजे तिथे आहेत. उपासमारीचे वर्ष आणि रशियाची स्वारी पाहिलेल्या वाचकाला या बरण्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

एक लाख गुल्डनच्या बदल्यात पेटर आपले काळीज विकतो आणि छातीत दगडाचे काळीज बसवून घेतो. मग तो जगभर हिंडतो, पण त्याला ना हसू येते ना रडू. गावी परतून तो सावकारी करतो. सख्खी आई दाराशी भीक मागायला येते, तर नोकराकरवी तिला एक क्षुल्लक नाणे पाठवतो. भुकेल्या म्हाताऱ्याला भाकरी दिली म्हणून तो बायकोला चाबकाच्या मुठीने मारतो आणि ती गतप्राण होते. शेवटी तो युक्तीने राक्षसाकडून आपले काळीज परत मिळवतो. त्यानंतर यक्षाच्या कृपेने त्याला बायको आणि आई परत लाभतात, आणि तो पुन्हा बापाचाच धंदा इमानाने करू लागतो. बापाच्या धंद्याची लाज वाटण्यापासून काळीज विकण्यापर्यंतची वाट किती थोडक्या पावलांची आहे, हे या गोष्टीने मला दाखवले. अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या तासाला भांडवल, नफा, सावकारी हे शब्द आम्ही वहीत उतरवून घेतो. चौदा वर्षांच्या मुलाला तेच कळण्यासाठी फळीवरची एक बरणी पुरते.

हे वार्षिक पुरे करून हाउफ १८२७ च्या उन्हाळ्यानंतर टिरॉलच्या डोंगरी मुलखात गेला. नेपोलियनविरुद्ध लढलेल्या तिथल्या शेतकऱ्यांचा पुढारी आंद्रेआस होफर याच्यावर त्याला कादंबरी लिहायची होती. परतला तो आजारी होऊनच. नोव्हेंबरमध्ये त्याला मुलगी झाली. तिला जेमतेम आठवडा झाला असेल, तोच १८ नोव्हेंबर १८२७ रोजी तापाने त्याचा अंत झाला. सहा वर्षांचा असताना वडिलांना मुकलेला हा मुलगा, स्वतःच्या लेकीला एकही गोष्ट न सांगता गेला.

त्याच्या मागे त्याच्या शब्दांनी मात्र बरेच काही केले. गुस्ताफ श्वाब या कवीने त्याचे सारे लेखन एकत्र करून प्रसिद्ध केले. लहानपणी हुशार म्हणून वाखाणला गेलेला थोरला भाऊ हर्मान त्याच्या जागी संपादक झाला आणि पुढे अनेक वर्षे त्याने ते काम सांभाळले. 'लिख्टेनस्टाइन' वाचून भारावलेल्या एका वुर्टेंबर्गी राजपुत्राने १८४० ते १८४२ या काळात पडक्या किल्ल्याच्या जागी, कड्याच्या टोकावर नवा किल्लाच बांधला. आधी कादंबरी आणि मग किल्ला, असा हा उलटा इतिहास! १९५० साली थंड काळजाच्या गोष्टीवर पूर्व जर्मनीच्या सरकारी चित्रसंस्थेने आपला पहिला रंगीत चित्रपट काढला आणि १९५३ मध्ये ठेंगू मुक पडद्यावर आला. हाउफची समाधी स्टुटगार्टच्या जुन्या होपेनलाउ स्मशानभूमीत आहे.

भयकथा वाचून मुले भित्री होतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. हाउफच्या आयुष्याकडे पाहून मला वाटते, की भय हे मुलांना पुस्तकातून मिळत नाही. ते आधीच त्यांच्याजवळ असते. बाप मरेल काय, घरात धान्य पुरेल काय, मोठा झाल्यावर मी कसा दिसेन, माझी माणसे मला ओळखतील काय, ही भये तेराव्या-चौदाव्या वर्षी मनात घर करतात आणि कोणाजवळ बोलता येत नाहीत. हाउफने त्यांना भुताचे, राक्षसाचे, लांब नाकाचे रूप दिले. रूप मिळाले, की भयाशी चार गोष्टी बोलता येतात. त्याच्या खानावळीतले प्रवासी काही भित्रे नव्हते. जागे राहायचे म्हणून ते गोष्टी सांगत होते.

आपल्या भाषेतही नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांवर पिढ्याच्या पिढ्या पोसल्या. तरी परीक्षेच्या अभ्यासक्रमाबाहेरची ही पुस्तके हातात घेताना आपण अजूनही इकडेतिकडे पाहतो. वेशीवरचे पहारेकरी दोनशे वर्षांत बदललेले दिसत नाहीत. त्यांतले काही आता आपणच झालो आहोत काय, याचा विचार आपण विद्यार्थ्यांनी आणि आपल्या गुरुजनांनीही करावा. घरी बारा-चौदा वर्षांचे भावंड असेल, तर या सुट्टीत त्याला भुताच्या जहाजाची गोष्ट जरूर सांगा. दिवा मालवण्याआधी ते दाराची कडी पाहायला उठेल. तेव्हा त्याला हसू नका, एवढीच विनंती.